बूट दारात होते

चार वर्षांपूर्वी येरवड्याच्या एका सोसायटीच्या फाटकाशी एक छोटी लाल गाडी भिंतीवर आपटली. चालवणाऱ्याचा पाय चुकला असं सगळ्यांनी मानलं, चालवणाऱ्यानेही मानलं. पाय चुकला नव्हता. माप चुकलं होतं, आणि ते मी घेतलं होतं. गेल्या महिन्यापर्यंत हे मी कुणालाही सांगितलं नव्हतं. बायकोला नाही, दुकानातल्या कारागिरांना नाही. डॉक्टरांनी रक्तदाब कशाने वाढला विचारलं, तेव्हा मी लोणच्याचं नाव घेतलं.

गेल्या महिन्यात त्याच गाडीतून पुणे ते श्रीवर्धनच्या अलीकडचं एक गाव असा दोन दिवसांचा प्रवास घडला. या रस्त्याने न गेलेल्यांसाठी तो लिहून काढतो आहे. ताम्हिणी घाट सुंदर आहे असं पुढे येईलच, पण मी तो स्टिअरिंगच्या फटीतून पाहिला हे लक्षात असू द्यावं.

आधी थोडं माझ्या धंद्याबद्दल. बिबवेवाडीत आमचं गाड्यांच्या सीटचं दुकान आहे, वडिलांनी काढलेलं. जमिनीवर कापड पसरून शिवणकाम चालतं, म्हणून त्यांनी नियम घातला होता की पायातलं दाराबाहेर. तो मी इतका पाळला की गिऱ्हाइकाला आधी ‘बूट’ म्हणतो आणि मग ‘या’ म्हणतो. आत एक लाकडी ढाचा आहे. उंच माणसाला बुटक्या गाडीत बसवायचं असेल तर त्याला आधी त्या ढाच्यावर बसवायचं, गुडघा-मांडी-पाठ मापायची आणि पावलाखाली वर्तमानपत्र ठेवून पेन्सिलीने पाऊल काढायचं. ही पद्धत आईची. गावाकडच्या मामासाठी चपला घ्यायच्या तर ती पत्रातून असाच कागद मागवायची.

मेश्राम साहेब पाटबंधारे खात्यातून निवृत्त झाले आणि त्यांनी ही जुनी गाडी घेतली. दोनच माणसांची, छत मागे दुमडणारी, जमिनीला टेकल्यासारखी. “आयुष्यभर सरकारी जीपमध्ये मागं बसलो, आता पुढं बसतो,” असं म्हणाले. मूळचे भंडाऱ्याकडचे. उंची सहा फूट तीन इंच, बूट बारा नंबरचे. गाडीत पाय ठेवायची जागा म्हणाल तर डब्याच्या पिशवीएवढी. दारातले ते बूट बघून मी म्हणालो, “साहेब, हे पार्किंगमध्ये लावायचे ना.” ते हसले. मी बूट पाहिले, बुटांवर विनोद केला, आणि माप अनवाणी पावलाचं घेतलं.

सीट रुळांवरून काढून थेट तळाला बोल्टने बसवली, शक्य तेवढी मागे. ब्रेक आणि ॲक्सिलरेटर यांच्यात कागदावरच्या पावलाला पुरेल एवढीच फट ठेवली. मोठ्या गाडीत हे खपून जातं. तिथे खपण्याजोगी जागाच नव्हती. गाडी न्यायला साहेब चपला घालून आले आणि बसताना त्याही काढून पलीकडे टाकल्या. माझ्या दुकानाची शिस्त त्यांना लागली होती. पुढच्या रविवारी मात्र ते पॉलिश केलेले बूट घालून निघाले. शेजारी वहिनी, पांढरी साडी नेसलेल्या, मांडीवर डबा. महाडला चवदार तळ्यावर जायचं, आणि या वेळी आपल्या गाडीने, असं दोघांचं कधीपासून ठरलेलं होतं. फाटकाच्या उतारावर साहेबांनी ब्रेक दाबला, बुटाच्या कडेने ॲक्सिलरेटरही दाबला गेला. वहिनींचं उजवं मनगट मोडलं. आत धातूची पट्टी आहे अजून.

दुसऱ्या दिवशी मी गाडी बघायला गेलो. ॲक्सिलरेटरच्या आतल्या कडेला काळ्या पॉलिशचा ओरखडा होता. मी वाकलो, खिशातला रुमाल काढला आणि तो पुसला. वर आलो तर साहेब म्हणाले, “माझा पायच चुकला, खटावकर.”

मी म्हणालो, “होतं साहेब. वय झालं की होतं.”

दुरुस्तीत मी फट वाढवली आणि तोंड बंद ठेवलं. साहेबांनी गाडी पुन्हा चालवली नाही. तिच्यावर कापड पडलं, आणि तो पावलाचा कागद माझ्या कपाटात वरच्या फळीवर गेला. फेकायची हिंमत झाली नाही, बघायचीही नाही.

येरवडा

फोन साहेबांचाच. गाडी विकायला काढली होती. कोकणातला एक लॉजवाला ती घेणार होता, कागद तिथेच व्हायचे होते आणि गाडी पोचवायची होती. “तुम्हीच चालवा. तुमच्या हातची गाडी आहे, दुसऱ्यावर भरवसा नाही माझा.”

मी हो म्हणालो. पोचायच्या आत त्यांना खरं सांगायचं, म्हणजे गाडी विकायची की नाही हे ते खरं माहीत असून ठरवतील, एवढं मनाशी ठरवलं आणि कागद घडी करून पिशवीत घातला.

एक गोष्ट मात्र लक्षात राहिली नव्हती. माझी उंची पाच फूट तीन इंच. मेश्राम साहेबांसाठी मी ती सीट अशी पक्की केली होती की ती कुणालाही पुढे सरकवता येऊ नये, आणि काम चांगलं झालं होतं. माझे पाय पेडलपर्यंत पोचेनात. शेवटी बायकोने दिवाणावरचा तक्क्या दिला, तो पाठीशी लावला, खाली फोमचा तुकडा घेतला. शेजारची सीट मूळचीच होती, तिथे साहेब स्वतःला दुमडून बसले. त्यांचे गुडघे हनुवटीपाशी आले आणि डोकं काचेच्या वर. बाहेरून बघणाऱ्याला एकच माणूस दिसत होता, आणि त्याच्यासमोर स्टिअरिंग नव्हतं.

वहिनी फाटकाशी आल्या होत्या. डबा त्यांनी डाव्या हाताने दिला. “सांभाळून न्या भाऊ,” म्हणाल्या, “तुम्ही आहात म्हणून मी सोडून राहिले यांना.”

चांदणी चौकापर्यंत

पेट्रोल पंपावरच्या माणसाने साहेबांना विचारलं, “ड्रायव्हर कुठे गेला?”

“मी इथे आहे,” मी खालून म्हणालो.

“मग बसून घ्या की नीट.”

“बसलोच आहे.”

त्याने वाकून खात्री करून घेतली आणि पुढे काही बोलला नाही. पुण्यात हा सौजन्याचा कळस समजावा.

कोथरूडच्या सिग्नलला तोंडाला ओढणी बांधलेल्या एका स्कूटरवालीने आमच्याकडे पूर्ण नव्वद सेकंद पाहिलं. दिवा हिरवा होताना म्हणाली, “काका, जागा बदला ना एकमेकांच्या. दोघंही सुखी व्हाल.” आणि गेली.

साहेब मोठ्याने हसले. मी पण हसलो. हसताना माझा पाय क्लचवरून सुटला आणि गाडी बंद पडली.

मुळशी

भूगाव, पिरंगुट ओलांडून धरणाचं पाणी दिसायला लागलं की माणूस पुण्यातून सुटतो. थंडीचे दिवस, गवत पिकून सोनेरी झालेलं, पाण्यावर धुरकट ऊन. एका टपरीवर कांदाभजीसाठी थांबलो. मी उतरलो. साहेबांना उतरता येईना. टपरीवाल्या मावशी झारा हातात घेऊन बाहेर आल्या.

“आवं, ह्या बाबांना काढा कुनीतरी भाईर. अडाकल्यात.” मग गाडीकडे बघून म्हणाल्या, “गाडी ल्हान हाय, मानूस मोठा हाय. कुनी बसिवलं ह्यांना हितं?”

“यांनीच,” साहेब माझ्याकडे बोट दाखवून म्हणाले. दोन गवंडी मदतीला आले. एकाने काखेत धरलं, दुसऱ्याने बूट धरले.

भजी उत्तम होती. साहेबांना तिखट कमी वाटली. भंडाऱ्याकडे पाहुण्याच्या डोळ्यांत पाणी आलं नाही तर यजमानाला वाईट वाटतं म्हणे. आमच्या पुण्यात पाहुणा दुपारी एक ते चारमध्ये आला तर वाईट वाटतं. मी पिशवीत हात घातला, कागदाची घडी बोटांना लागली. “साहेब,” मी म्हणालो.

“बोला.”

“चहा अर्धा घेणार का पूर्ण?”

“अर्धा चहा काय असते बाप्पा? चहा असते नाही तं नसते.”

दोन पूर्ण चहा झाले. मी कागद पिशवीतच ठेवला.

ताम्हिणी

घाटाबद्दल जे दिसलं ते सांगतो: डाव्या हाताला काळा कातळ, त्यावर वाळलेल्या धबधब्यांचे पांढरे चरे, उजवीकडे खोल झाडी आणि मधूनच एखादा शिकरा, जो माझ्यापेक्षा सावकाश वळण घेत होता. बाकी माझं लक्ष पायाच्या बोटांवर होतं, कारण ब्रेकला माझी फक्त बोटंच पोचत होती.

तिसऱ्या-चौथ्या वळणाला माझ्या ध्यानात आलं की शेजारून ठक असा आवाज येतोय. साहेबांचा उजवा पाय. दर वळणाआधी ते समोरच्या रिकाम्या पत्र्यावर ब्रेक दाबत होते. मी मोजायला लागलो. त्यांचा पाय माझ्या आधी पडत होता आणि दर वेळी बरोबर पडत होता. एका वळणाला समोरून एसटी आली, तेव्हा त्यांच्या पायाने मला सावध केलं. डोळ्यांना ती नंतर दिसली.

“साहेब, तुमचा पाय अजून चालवतोय,” मी म्हणालो.

“सवय आहे,” ते म्हणाले. “पण भरवसा नाही त्याचा. एकदा चुकला तं कधीही चुकेल.”

यापेक्षा चांगली संधी परमेश्वरानेही दिली नसती. मी घसा खाकरला. मग म्हणालो की घाटात चालवताना फार बोलू नये. त्यांनी मान डोलावली, मला जबाबदार माणूस समजून.

माणगाव

माणगावच्या अलीकडे जेवलो. तांदळाची भाकरी, सुरमई, सोलकढी. मी कालवणाला हात लावण्याआधी साखर शोधत होतो असा आरोप साहेबांनी केला. मी मीठ शोधत होतो. त्यांच्या मते कालवण चांगलं होतं पण नारळाने त्याला झोपवून टाकलं होतं.

जेवताना त्यांनी सांगितलं की लॉजवाला गाडी चालवणार नाहीये. अंगणात उभी करणार, तीत कुंड्या ठेवणार, लोक फोटो काढतील.

“तुम्हाला चालेल?”

“इथंही उभीच होती ना. कापडाखाली असण्यापेक्षा फुलाखाली बरी.” भाकरीचा तुकडा त्यांनी मोडला आणि तसाच ताटात ठेवला. “हिला एकदा महाडला न्यायचं होतं. इथून वळलं की पुढच्या रस्त्याला महाड. असो.”

हिला म्हणजे वहिनींना. आम्ही हात धुतले. मी जरा जास्तच वेळ धुतले.

समुद्राजवळचं गाव

म्हसळ्यावरून उतरता उतरता हवा ओली होते, सुपारीच्या बागा सुरू होतात आणि समुद्र दिसायच्या आधी नाकाला कळतो. तोडणकरांचं लॉज म्हणजे मूळ घर आणि मागे बांधलेल्या चार खोल्या. तोडणकर गोरेपान, गुबगुबीत, बोलघेवडे. आम्ही पोचलो तेव्हा ऊन कलत होतं. त्यांनी गाडीभोवती दोन फेऱ्या मारल्या आणि खरेदीचे कागद सकाळी करू म्हणाले. संध्याकाळी साहेब आणि मी किनाऱ्यावर अनवाणी चाललो. ओल्या वाळूत त्यांची पावलं उमटत होती. मी मागे चालत होतो आणि ती पावलं मला पाठ होती. हीच रेघ, हाच अंगठा, हीच टाच. एक शब्द बोललो नाही. माझ्या गप्प बसण्याचं मला तरी कौतुक वाटलं पाहिजे, इतकं ते कसलेलं आहे.

सकाळी न्याहारीला घावन आणि नारळाचं दूध. तोडणकरांनी अंगणात आखणी सुरू केली.

“डिकीत जास्वंद. सीटवर मोठी कुंडी, पण त्या उजव्या सीटच्या जागी, ती काढून टाकू. कसली विचित्र बसवलीय, कुणी केलं हो हे काम?”

“मी,” मी म्हणालो.

“हां हां. चांगलं आहे. चाकं काढून विटांवर ठेवू, म्हणजे रबर कुजायला नको. काय समजलात?”

साहेब “चालेल” म्हणाले आणि सहीसाठी आत गेले. जाताना त्यांनी ओट्यापाशी बूट काढले. कोकणातल्या सारवलेल्या घरात कुणी बूट घालून जात नाही.

ते बूट दारात उभे होते. शेजारी शेजारी, टाचा जुळवून, चार वर्षांपूर्वी माझ्या दारात उभे होते तसेच. मी गाडीकडे गेलो, पिशवीतून कागद काढला, ओट्याखालच्या फरशीवर पसरला आणि उजवा बूट त्या पेन्सिलीच्या पावलावर ठेवला. बूट रेघेच्या चहूबाजूंनी बाहेर आला. बाहेरच्या बाजूला, जिकडे ॲक्सिलरेटर येतो, तिकडे तर चांगला बोटभर. पावलाची रेघ कुठे दिसेनाच.

साहेब बाहेर आले, पेन अजून हातात. बघत राहिले. “हे काय करून राहिले, खटावकर? माझा बूट पेपरवर काहून ठेवला?”

“हा तुमच्या पायाचा कागद आहे, साहेब. माझ्या दुकानातला.”

“मग?”

“हे माप मी अनवाणी घेतलं. फट त्याच मापाची ठेवली. तुम्ही बूट घालून बसलात. बुटाला ती पुरली नाही. ब्रेक दाबला की कड पलीकडे लागत होती.” मी एका दमात बोललो, नाहीतर चहाचं विचारलं असतं. “तुमचा पाय चुकला नव्हता. दुसऱ्या दिवशी पॉलिशचा ओरखडा मी बघितला. मी तो पुसला.”

तोडणकर जास्वंदीची कुंडी हातात घेऊन उभे होते. त्यांनी ती अलगद खाली ठेवली.

साहेब ओट्यावर बसले. बूट बाजूला करून कागद उचलला, उजेडात धरला, परत खाली ठेवला. “चार वर्षं?”

“हो.”

“मी डोळे तपासले. मेंदूचा फोटो काढला. डॉक्टर म्हणाले काही नाही, तरी मला खरं वाटलं नाही. नातीला कडेवर घेऊन जिना उतरलो नाही मी. एकदाही नाही. ती हात पसरायची आणि मी म्हणायचो, आजीकडं जा. आजीचा हात मोडलेला. तरी म्हणायचो, आजीकडं जा.”

हे मला माहीत नव्हतं. मी चार वर्षं जे ओझं वाहिलं असं समजत होतो, ते मनगटाचं आणि पत्र्याचं होतं. जिन्याचं कुणी मला सांगितलंच नव्हतं, आणि विचारायला मी गेलो नव्हतो.

“माफ करा,” मी म्हणालो.

साहेबांनी बूट जवळ ओढले. बूट घातले, नाड्या सावकाश बांधल्या. गाडीपाशी जाऊन माझा तक्क्या आणि फोम बाहेर काढून ओट्यावर ठेवला, अगदी नीट, आणि सीटवर बसले. मी स्वतः केलेल्या कामात माणूस बसलेला मला चार वर्षांनी दिसला. गुडघा, मांडी, पाठ, सगळं जिथल्या तिथे. त्यांनी ब्रेक दाबून पाहिला. सोडला. परत दाबला. मग गाडी सुरू केली आणि फाटकातून निघून गेले.

“येतील ना?” तोडणकरांनी विचारलं.

“माहीत नाही.”

मी तक्क्या पोटाशी धरून ओट्यावर बसलो. तोडणकरांनी कोकम सरबत दिलं आणि पुण्याच्या एसटीच्या वेळा सांगितल्या, न विचारता. मग म्हणाले, “कुंड्या आणून ठेवल्यात हो मी.” मला त्यांचंही वाईट वाटलं. माझ्यामुळे नुकसान झालेल्यांच्या यादीत आता एक माळीकाम आलं होतं.

तासाभराने साहेब आले. गाडी अंगणात धक्का न देता, जिथल्या तिथे थांबली. तोडणकरांना म्हणाले, “सही केली नाही मी. माफी असावी.” आणि मला म्हणाले, “बसा.”

परत

शेजारची मूळची सीट मला चपखल बसते. तक्क्या मांडीवर घेऊन बसलो. माणगाव मागे पडलं आणि घाट लागला. वळणं ते अशी घेत होते की मांडीवरचा तक्क्यासुद्धा हलला नाही. ताम्हिणी मी तेव्हा पाहिला, सुंदर आहे.

मुळशीच्या टपरीवर थांबलो. मावशींनी साहेबांना स्वतःहून उतरताना पाहिलं आणि म्हणाल्या, “आता बसला बगा मानूस गाडीत.” साहेबांनी माझ्यासाठी अर्धा चहा मागवला. ती माफी होती की टोमणा, हे मला अजून ठरवता आलेलं नाही.

पिरंगुटपाशी ते बोलले. “हिला तुम्ही सांगायचं. मी सांगणार नाही. मी सांगितलं तं ती म्हणेल, माझं मन राखायला सांगून राहिले. तिचा हात आहे, तुम्ही सांगा.”

“सांगतो,” मी म्हणालो.

येरवड्याच्या फाटकाशी वहिनी उभ्याच होत्या. त्याच उतारावर साहेबांनी ब्रेक दाबला, बूट घालून, आणि गाडी थांबली. वहिनींनी त्यांच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. त्यांचे डोळे भरले.

“भाऊ, तुम्ही चालवायला लावलं ना यांना?” त्या म्हणाल्या. “तुमचे उपकार झाले. वर या, भाकरी टाकते.” बोलताना डाव्या हाताने त्यांनी उजवं मनगट धरलं होतं, सवयीने.

साहेब स्टिअरिंगवर हात ठेवून समोर बघत होते. वाट बघत होते.

मी म्हणालो, “आज नको वहिनी, घरी वाट बघतायत.” आणि तक्क्या काखेत मारून निघालो. रिक्षावाल्याने आरशातून बघून विचारलं, “काका, घर बदलताय का?” मी नाही म्हणालो.

याला महिना झाला. साहेब आता गाडी रोज काढतात, वहिनींना घेऊन महाडला जाऊन आले असं ऐकलं. कुणाकडून तरी ऐकलं, कारण मला त्यांचा फोन नाही. दुकानातला नियम मी बदलला आहे. माप घेताना गिऱ्हाईक आता बूट घालून आत येतं, आणि शिवणकाम टेबलावर चालतं.

वहिनींना मी अजून सांगितलेलं नाही. येरवड्याला जाऊन, त्यांच्यासमोर बसून, तुमचं मनगट माझ्यामुळे मोडलं, एवढं एक वाक्य बोलणं मी त्यांचं देणं लागतो, आणि ते अजून दिलेलं नाही.